धनुष्य नवे घ्यावे की वापरलेले?

माळशेज घाटाच्या अलीकडे, पिंपळगाव जोगे धरणाच्या पाण्यालगत मढ हे गाव आहे. या पट्ट्यात धनुष्य विकत घेण्याचा विषय दोन प्रकारच्या घरांत निघतो. एका घरात भुईमूग डुकरांनी उलथून टाकलेला असतो, दारचे कुत्रे बिबट्याने नेलेले असते, आणि मोबाइलवर परदेशातला शिकारीचा क्रॉसबो पाहून घरातला तरणा मुलगा विचारतो, "नवा परवडणार नाही, पण कोणाचा वापरलेला मिळाला तर?" दुसऱ्या घरात आश्रमशाळेत किंवा हायस्कुलात धनुर्विद्या शिकणारी मुलगी असते. बांबूच्या धनुष्यावर तिचा हात बसलेला असतो आणि सर सांगतात, "हिला आता रिकर्व्ह द्या." वडील किंमत ऐकतात आणि तेही तेच विचारतात : नवे घ्यावे, की कोणाचे वापरलेले?

प्रश्न एकच असला तरी उत्तरे दोन आहेत. पहिले थोडक्यात आटोपते, म्हणून आधी ते घेऊ.

१. शिकारीचा क्रॉसबो : नवाही नको, जुनाही नको

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. त्याचे ९वे कलम शिकारीला बंदी घालते. याच कायद्यात 'शस्त्र' म्हणजे काय हे सांगताना बंदुकीबरोबर धनुष्यबाण, जाळे, फासे आणि विषही मोजले आहे. त्यामुळे "बंदूक थोडीच आहे, बाण तर आहे" हा युक्तिवाद टिकत नाही. बिबट्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणाऱ्याला किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांची कैद आहे, आणि दंड वेगळा. गुन्ह्यात वापरलेले हत्यार आणि वाहन सरकारजमा होते. जीव वाचवण्यासाठी प्रामाणिकपणे केलेला प्रतिकार कायदा गुन्हा मानत नाही. पण क्रॉसबो विकत घेऊन, बाण भरून बांधावर दबा धरणे हा प्रतिकार ठरत नाही.

बिबट्या इथे आला कसा, हे समजले तर हत्याराने हा प्रश्न का सुटत नाही हेही समजते. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे जुन्नर आणि आंबेगावात आहेत : येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे. कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला. ऊस वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ शेतात उभा राहतो. त्यात लपायला जागा मिळते, पिल्ले वाढवता येतात, आणि वस्तीजवळ कुत्री, शेळ्या, वासरे असतातच. बिबट्याच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या. एक मारला तर रिकाम्या जागी दुसरा येतो. जखमी करून सोडला तर मात्र त्या शिवारातल्या प्रत्येक माणसावर संकट ओढवते, कारण पळता न येणारे जनावर सोपे भक्ष्य शोधते. शिकारीच्या बाणाने जनावर बहुधा जागेवर पडत नाही. रक्त वाहत ते लांब जाते आणि मग मरते. उसाच्या फडात अशा जनावराचा माग काढायला कोण शिरणार?

बिबट्या दिसला किंवा अडकला तर महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे आणि जुन्नर वन विभागाच्या माणसांना हे काम येते. पिकाच्या आणि जनावराच्या नुकसानीला भरपाई मिळते, पण पंचनामा लगेच करून घ्यावा लागतो. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरांबाबतही जो काही परवानगीचा मार्ग आहे, तो वन खात्याच्या कचेरीतूनच जातो.

२. क्रॉसबो जुना घेणे सर्वांत धोक्याचे का

शिकार बाजूला ठेवली तरी क्रॉसबोकडे जरा पाहू, कारण वापरलेल्या धनुष्यात काय बिघडते हे त्यात सर्वांत स्पष्ट दिसते.

धनुष्य म्हणजे ताकद साठवण्याचे यंत्र. आपण दोरी ओढतो तेव्हा त्याचे दोन बाहू वाकतात आणि आपल्या दंडाची ताकद त्यांच्यात साठते. दोरी सोडली की ती ताकद बाणात जाते. किती साठते, याचा ढोबळ हिशेब सोपा आहे : शेवटी लागणारा जोर गुणिले दोरी किती इंच सरकली ते, भागिले दोन. शिकाऊ मुलाचे धनुष्य २४ पाउंडांचे आणि दोरी १७ इंच सरकणारी धरू. २४ गुणिले १७ भागिले २, म्हणजे २०४. शिकारीचा क्रॉसबो आखूड असतो, त्याची दोरी १२ इंचच सरकते असे समजू, म्हणून जोर फार मोठा ठेवावा लागतो, १५० पाउंड तरी. १५० गुणिले १२ भागिले २, म्हणजे ९००. चौपटीहून जास्त.

शिवाय हातातले धनुष्य काही सेकंदच ताणलेले असते. क्रॉसबो चढवून ठेवला की खटका दाबेपर्यंत तो पूर्ण ताणावर राहतो आणि एवढा ताण एक छोटा खटका अडवून धरतो. खटक्याच्या आतले दात झिजले आहेत का, हे बाहेरून पाहून कळत नाही. दोरी ज्या पन्हळीवरून घसरते तिथे ती घासून बारीक होत जाते. अंगठा त्या पन्हळीच्या वर राहिला तर दोरी तो तोडते. इतका ताण सहन करणारे आणि आतून न दिसणारे यंत्र कोणाकडून तरी वापरलेले घेणे मला कोणत्याही किमतीला मान्य नाही.

३. तीन धनुष्ये, तीन वाटा

आता दुसऱ्या घराकडे वळू. आपल्याकडे स्पर्धेत तीन प्रकारची धनुष्ये दिसतात.

पहिले इंडियन राउंडचे, बांबूचे. त्यावर नेम धरायला साईट नसते. अंतर ३० आणि ५० मीटर. बहुतेक ग्रामीण मुले इथून सुरुवात करतात. राजस्थानच्या आदिवासी पाड्यातून आलेला लिंबा राम असाच बांबूच्या धनुष्यावरून निघाला आणि १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये खेळला.

दुसरे रिकर्व्ह. बाहूंची टोके पुढे वळलेली. ऑलिंपिकमध्ये हेच चालते, अंतर ७० मीटर. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या घरातला. जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांनी त्याला हेरले, राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो धनुर्विद्या शिकला. २०१९ साली नेदरलँड्समधल्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवणाऱ्या भारतीय संघात तो होता आणि पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला.

तिसरे कंपाऊंड. दोन्ही टोकांना चाके, म्हणजे कॅम, आणि दोरीशिवाय केबल. अंतर ५० मीटर. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी १७ वर्षांची असताना महिलांची विजेती झाली. त्याच दिवशी नागपूरचा, पण साताऱ्यात सराव करणारा ओजस देवतळे पुरुषांचा विजेता झाला. अंतिम लढतीत त्याचे १५ पैकी १५ बाण दहाच्या वर्तुळात बसले. ते वर्तुळ ८ सेंटिमीटर रुंद असते आणि ५० मीटरवरून मारायचे असते.

या नावांमुळे आपल्याकडे धनुष्याची मागणी वाढली. चांगले रिकर्व्ह आणि कंपाऊंड बहुतेक आयात होते, त्यामुळे किंमत जड पडते आणि घरे कर्ज काढतात. म्हणूनच नवे-जुने हा प्रश्न नीट सोडवला पाहिजे.

बांबूचे धनुष्य नवेच घ्या. ते तुलनेने स्वस्त असते, आणि वापरलेला बांबू दोरी काढल्यावरही वाकलेलाच राहतो, त्याचा जोर उतरलेला असतो. मढच्या पावसाळ्यात भिंतीला टेकून, दोरी चढवून ठेवलेले बांबूचे धनुष्य तर एका मोसमात बसते. यापुढचे सगळे विवेचन मुख्यतः रिकर्व्हचे आहे.

४. अख्खे धनुष्य नवे की जुने, हा प्रश्नच सोडून द्या

रिकर्व्ह एकसंध नसते. मधला मुठीचा भाग म्हणजे रायझर, तो बहुधा अॅल्युमिनियमचा. त्याच्या वर-खाली खाचेत बसवायचे दोन वाकणारे बाहू म्हणजे लिंब्स. त्यांच्यात फायबर, कार्बन, लाकूड किंवा फोम यांचे थर चिकटवलेले असतात. मग दोरी, साईट, बाण टेकवायचा रेस्ट, डोलू न देणारी दांडी म्हणजे स्टॅबिलायझर. रायझर आणि लिंब्स जोडण्याची आयएलएफ नावाची एक पद्धत बहुतेक कंपन्यांनी स्वीकारली आहे, त्यामुळे एका कंपनीचे लिंब्स दुसरीच्या रायझरला बसतात. हे घेणाऱ्याच्या फार फायद्याचे आहे. विचारताना "आयएलएफ आहे का?" एवढे आधी विचारा.

सेकंडहँड मोटारसायकल घेतो तेव्हा चासी सरळ आहे का बघतो आणि टायर, चेन, ब्रेक-शू नवे टाकतो. धनुष्याचेही तसेच करा. जे वाकत नाही आणि घासत नाही ते वापरलेले चालते : रायझर, साईट, स्टॅबिलायझर, स्टँड, पेटी. रायझर दहा वर्षांचा असला तरी सरळ असेल तर कामाचा आहे. जे तुटले तर थेट अंगावर येते आणि ज्याचे आयुष्य मोजके असते, ते नवे घ्या : दोरी आणि बाण. बोटांचा चामडी टॅब बोटांच्या मापाचा लागतो, तोही स्वतःचा नवा. दोरी चढवायचा स्ट्रिंगर स्वस्त असतो. त्याच्याशिवाय गुडघ्यात अडकवून दोरी चढवणाऱ्यांचे लिंब्स पिळवटतात.

राहिले लिंब्स. ते वाकतात, म्हणून नवे घ्यावेत असे वाटेल. शिकणाऱ्या मुलासाठी माझे मत उलट आहे आणि त्याचे कारण मुलाच्या अंगात आहे.

५. आधी माप, मग बाजार

खरेदीला निघण्याआधी घरात तीन गोष्टी करा.

एक, डोळा पाहा. दोन्ही हात समोर ताणा, तळवे एकमेकांवर ठेवून मध्ये छोटी फट राखा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबचे झाड पाहा आणि झाड दिसत असतानाच हात हळूहळू चेहऱ्याकडे आणा. फट ज्या डोळ्यापाशी येईल तो प्रमुख डोळा. उजवा असेल तर उजव्या हाताचे धनुष्य, म्हणजे डाव्या हातात धरायचे. स्वस्त मिळाले म्हणून उलट्या हाताचा रायझर घेतला तर ते पैसे पाण्यात गेले, कारण रायझरमधली बाणासाठी कापलेली खिडकी आणि साईट चुकीच्या बाजूला येतात.

दोन, ड्रॉ लेंथ काढा, म्हणजे हे मूल दोरी किती इंच ओढेल ते. दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजा आणि अडीचने भागा. १५५ सेंटिमीटर आले तर ते ६१ इंच, भागिले अडीच, म्हणजे साडेचोवीस इंचांच्या आसपास.

तीन, या मापावर लिंब्सवरचा आकडा वाचायला शिका. लिंब्सवर '६६-२०' लिहिलेले असते. याचा अर्थ, २५ इंची रायझरला लावले तर धनुष्य ६६ इंचांचे होते आणि २८ इंच ओढल्यावर जोर २० पाउंड लागतो. तेच लिंब्स २३ इंची रायझरला लावले तर धनुष्य ६४ इंचांचे होते आणि जोर दोन पाउंडांनी वाढतो. आपली मुलगी २८ नव्हे, साडेचोवीस इंच ओढते. कमी ओढलेल्या प्रत्येक इंचाला साधारण दीड ते दोन पाउंड कमी होतात. साडेतीन इंच कमी, म्हणजे पाच ते सात पाउंड कमी. २३ इंची रायझरवरचे २२ वजा हे पाच-सात, म्हणजे तिच्या बोटांवर प्रत्यक्षात १५ ते १७ पाउंड येतील. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला सुरुवातीला एवढे पुरे.

विकणारा हमखास सांगतो, "जरा जास्त पाउंडेजचे घ्या, पुढे उपयोगी पडेल." हे ऐकू नका. दोरी पूर्ण ओढून, खांदा वर न उचलता दहा सेकंद न थरथरता धरता आली पाहिजे. येत नसेल तर मूल धनुष्याशी झगडते, नेम शिकत नाही, आणि खांदा दुखावतो. खांद्याची ही दुखणी बरी व्हायला फार वेळ घेतात आणि कोवळ्या वयात तर ती होऊच देऊ नयेत.

६. म्हणून लिंब्स वापरलेले

आता पुढची दोन-तीन वर्षे डोळ्यांपुढे आणा. मुलीचे हात लांब होतील, ड्रॉ लेंथ वाढेल, ताकद वाढेल. १६वरून २०, मग २४, मग ३० पाउंड. प्रत्येक टप्प्याला लिंब्स बदलतात, रायझर तोच राहतो. प्रत्येक जोडी तिच्याकडे काही महिनेच राहणार. तिच्या आधीच्या मुलाकडेही ती काही महिनेच होती, म्हणूनच हलक्या पाउंडेजचे वापरलेले लिंब्स चांगल्या स्थितीत मिळतात.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. नवी जोडी ८,००० रुपयांची समजा आणि विकताना निम्मे येतात असे धरा. तीन जोड्यांना २४,००० गेले, १२,००० परत आले, म्हणजे खर्च १२,०००. आता वापरलेली जोडी ४,०००ला घेतली आणि ३,०००ला पुढे दिली. तीन जोड्यांना १२,००० गेले, ९,००० परत आले. खर्च ३,०००. वाचलेल्या ९,००० रुपयांत नवे बाण आणि दोऱ्या घ्या. मुलीची प्रगती बाणांवर जास्त अवलंबून आहे.

स्पर्धेच्या पाउंडेजला पोहोचल्यावर, उंची वाढायची थांबल्यावर मात्र लिंब्स नवे घ्या. तेव्हा ती जोडी वर्षानुवर्षे टिकवायची असते आणि प्रत्येक बाण सारखा जायला हवा असतो.

७. ओटीवर आणलेले धनुष्य कसे पाहावे

कोणी विकायला आणले तर घाई करू नका. दिवसाच्या उजेडात पाहा आणि चहा नंतर द्या.

आधी लिंब्स सुटे काढून कापसाचा बोळा घ्या. लिंबच्या दोन्ही कडांवरून, टोकांवरून आणि दोरी बसते त्या खाचेभोवती तो हलका फिरवा. जिथे कापसाचे तंतू अडकतील तिथे फायबरचा केसभर तडा आहे. डोळ्याला न दिसणारा तडा कापूस दाखवतो. मग कड उजेडासमोर आडवी धरून थर पाहा. थरांच्या मधे पांढरट रेघ किंवा फुगवटा असेल तर डिंक सुटला आहे. वरच्या रंगावरचे ओरखडे चालतील, पण आडवी रेघ दिसली तर थांबा.

पुढे स्ट्रिंगर लावून दोरी चढवायला सांगा. धनुष्य खुर्चीच्या पाठीवर टेकवा आणि मागे उभे राहून एक डोळा मिटून पाहा. दोरी वरच्या लिंबच्या मध्यावरून, रायझरच्या मध्यावरून आणि खालच्या लिंबच्या मध्यावरून जाते का? आयएलएफ रायझरला लिंब थोडा डावा-उजवा सरकवायची सोय असते, त्यामुळे किंचित फरक दुरुस्त होतो. पण टोकाशी दोरी एका कडेला पळत असेल तर लिंब पिळला आहे. असा घेऊ नका. रायझर टेबलाच्या सपाट कडेवर धरून वाकला आहे का ते पाहा आणि लिंब्स घट्ट करणाऱ्या बोल्टांचे आटे बोटाने फिरवून पाहा. आटे गेलेला रायझर घेऊ नका.

दोरीवर लोकरीसारखे तंतू सुटलेले असतील, मधले गुंडाळे सैल फिरत असतील, तर दोरी संपली. हरकत नाही, तुम्ही नवी टाकणारच आहात. पण त्या दोरीवरून मालकाने धनुष्य कसे सांभाळले ते कळते. मेण लावलेली, नीट गुंडाळलेली दोरी असणाऱ्याने लिंब्सही जपले असतील, असे मी मानतो.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारा : "बाण न लावता कधी सोडलेय का?" याला ड्राय फायर म्हणतात. लिंब्समध्ये साठलेली ताकद बाणाने बाहेर जाते. बाण नसेल तर ती दोरीला आणि लिंब्सनाच बसते. घरात हौसेने धनुष्य हातात घेणारा पाहुणा हेच करतो. एखाद्या वेळी लिंब तिथेच फुटतो. नाही फुटला तर आत तडा राहतो आणि तो पुढच्या मालकाच्या तोंडासमोर उघडतो. विकणारा अडखळला, तर किंमत कमी करून घेऊ नका, सौदाच सोडा. "उन्हात बंद गाडीत राहिले होते का?" हेही विचारा. उष्णतेने थरांमधला डिंक मऊ पडतो.

८. बाण मात्र नवेच

धनुष्याबरोबर "सहा बाण फुकट" मिळाले तर लोक खूश होतात. मी ते घेणार नाही.

बाण सोडल्यावर सरळ जात नाही. दोरीचा धक्का बसला की तो माशासारखा वाकत, सावरत रायझरला वळसा घालून जातो. किती वाकायचा, हे त्याच्या ताठपणावर ठरते. त्या ताठपणाला स्पाइन म्हणतात. बाण २८ इंचांच्या अंतरावर दोन टेकूंवर ठेवून मधोमध सुमारे ८८० ग्रॅमचे वजन टांगतात. तो जितके हजारांश इंच वाकेल तो त्याचा आकडा. ५०० स्पाइनचा बाण अर्धा इंच वाकतो, १००० स्पाइनचा एक इंच. म्हणजे आकडा मोठा तितका बाण मऊ. १६ पाउंड ओढणाऱ्या मुलीला मऊ बाण लागतो. ४० पाउंड ओढणाऱ्या मुलाचे ताठ बाण तिने कितीही चांगले सोडले तरी एकाच बाजूला जातात, आणि मुलीला वाटते की आपलेच चुकते.

आखूड बाणाचा धोका त्याहून मोठा आहे. पूर्ण ओढल्यावर बाणाचे टोक रेस्टच्या मागे आले तर बाण आत घसरतो आणि सुटताना धनुष्य धरलेल्या हातात शिरू शकतो. वाढत्या मुलासाठी बाण ड्रॉ लेंथपेक्षा दीड-दोन इंच लांबच कापून घ्या.

कार्बनचा बाण दगडावर आपटला की आत तडकतो, वरून चांगला दिसतो. प्रत्येक फेरीनंतर तो दोन्ही हातांत धरून हलका वाकवावा, फिरवत पुन्हा वाकवावा आणि कानाजवळ ऐकावा. करकर आवाज आला की तो बाण संपला. तडकलेला बाण सोडताना फुटला तर कार्बनच्या कुसळासारख्या फाका हातात घुसतात. शिकताना अॅल्युमिनियमचे बाण बरे : वाकले तर सपाट फरशीवर लोळवले की लगेच कळते. मढसारख्या ठिकाणी याला आणखी एक कारण आहे. सराव माळावर होतो, त्याच माळावर गुरे चरतात. गवतात राहिलेला फुटका कार्बन बाण गुराच्या तोंडात जातो. हरवलेला प्रत्येक बाण सापडेपर्यंत शोधायचा, हा नियम पहिल्या दिवसापासून लावा.

९. कंपाऊंडचा हिशेब वेगळा

कंपाऊंडमध्ये चाके फिरली की शेवटी जोर एकदम उतरतो. ६० पाउंडांचे धनुष्य, ७५ टक्के सूट, म्हणजे धरताना बोटांवर १५च पाउंड. स्पर्धेच्या नियमात ६० पाउंड ही कमाल मर्यादा आहे. पण ही सोय ड्रॉ लेंथला जखडलेली असते. चाकाचा भाग ज्या मापाचा, तेवढेच ते ओढले जाते, आणि अर्ध्या इंचाचा फरकही नेम बिघडवतो. त्यामुळे वापरलेले कंपाऊंड घेताना पहिला प्रश्न किमतीचा नाही, मापाचा. माप बदलायचा भाग मिळतो का, तो कितीला पडतो, हे आधी विचारा.

शिवाय दोरी उतरवलेली असली तरच आत पाहता येते, आणि कंपाऊंडची दोरी उतरवायला खास प्रेस लागतो. तो गावात नसतो. म्हणून वापरलेले कंपाऊंड प्रशिक्षकाच्या केंद्रावर, प्रेस असलेल्या ठिकाणीच घ्या, आणि दोरी-केबल नवी टाकण्याचा खर्च किमतीत धरूनच घासाघीस करा. बहुतेक कंपन्यांची वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते, हेही लक्षात ठेवा. वाढत्या मुलासाठी वापरलेले महागडे स्पर्धेचे कंपाऊंड घेण्यापेक्षा मोठ्या पल्ल्यात माप बदलता येणारे साधे नवे कंपाऊंड मला योग्य वाटते.

लॉस एंजेलिसच्या २०२८च्या ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडचा मिश्र सांघिक प्रकार येणार आहे, त्यामुळे या धनुष्यांना मागणी आणखी वाढेल. घाईत घेतलेली आणि थोड्याच दिवसांत विकायला काढलेली धनुष्येही बाजारात येतील. त्यातली काही खरोखर चांगली असतील. वरची तपासणी तिथेही तशीच लावा.

१०. घेतल्यानंतर, आणि पुढे देताना

पहिले सहा महिने काही विकत न घेता चालत असेल तर तसेच करा. शाळेचे किंवा केंद्राचे धनुष्य मिळते का ते विचारा. आश्रमशाळेतल्या मुलांसाठी घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात, इतरांसाठी तालुका क्रीडा अधिकाऱ्यांकडे चौकशी करा. क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली तर तिथे उपकरणे मिळतात.

सरावाची जागा ठरवताना लक्ष्याच्या मागे मातीचा उंच बांध किंवा टेकाड हवे. लक्ष्य चुकलेला बाण ७० मीटरवर थांबत नाही, दुपटी-तिपटीने पुढे जातो. मागे पायवाट, विहीर किंवा गुरांची वाट नको.

लिंब्स लहान पडले की ते पडवीत टांगून ठेवू नका, पुढच्या मुलाला द्या. देताना एका चिठ्ठीवर लिहा : कोणत्या साली घेतले, किती पाउंड, कोणत्या रायझरवर, दोरी शेवटची कधी बदलली. आणि तुमच्या हातून ते लिंब्स ड्राय फायर झाले असतील, तर ते विकूही नका आणि फुकटही देऊ नका. करवतीने मधोमध कापा आणि मगच टाका, म्हणजे भंगारातून उचलून ते पुन्हा कोणी धनुष्याला लावणार नाही.